काजूतेलाचां चेडू

वसंता,

तुझ्या फोटोचा हार आज मी काढला. सुकला होता म्हणून काढला. रागाने काढला असं तुझ्या बायकोला, सुलभाला, वाटायला नको, म्हणून आधी तिला दाखवला आणि मग काढला. राग आहेच, पण तो हारावर काय काढायचा? तो काढायला तू समोर हवा होतास, आणि तू नेमका आत्ता गेलास. भांडण अर्धं टाकून उठायची तुझी सवय लहानपणापासूनची. पत्त्यांचा डाव हरायला लागलास की उठायचास, जेवताना कोणी बोललं की पान टाकून उठायचास. आता असा उठलास की मागून ओरडायचीही सोय नाही. तुला उठता बसता ‘मेल्या’ म्हणायची माझी जीभ. तोही शब्द तू माझ्याकडून काढून घेतलास.

तू गेल्यापासून तेराव्यापर्यंत घरात माणसांची रीघ होती. वाडीतली यायची, तोंडवलीहून यायची, मालवणच्या बाजारातले तुझे चहावाले दोस्त यायचे. सगळे तुझं कौतुक करायचे. वसंताने मुंबईची नोकरी संपवून आल्यावर आराम केला नाही, बापाचं गंजून पडलेलं इंजन उभं केलं, असं डिझेलचं इंजन आता बघायला मिळत नाही, कोल्हापूरचा कोण इंजिनवेडा गृहस्थ ते बघायला मुद्दाम आला होता. सगळं खरं आहे. मी मान डोलवायचे. आणि मग चहाचा घोट घेऊन कोणीतरी हसायचं आणि तोच विनोद सांगायचं. तुझाच विनोद. बापाशीन इंजनात काजूचां तेल ओतलेल्यान! सुतकाच्या घरात बसून माणसं हसायची रे, आणि मी त्यांचे कप उचलायचे.

एक सांगून टाकते. मी तुझ्याशी आयुष्यात कधी या भाषेत बोलले नाही. मालवणच्या कचेरीत नोकरी काढली, त्यामुळे कागद समोर आला की ही भाषा येते. भांडण मात्र आपलं आपल्याच भाषेत झालं होतं, आणि ते मी विसरलेले नाही.

खाडीच्या काठाला बाबांची भाताची गिरण होती. पलीकडच्या गावातली माणसं होडीत भात घालून यायची आणि तांदूळ घेऊन जायची. गिरणीच्या मागच्या खोपीत ते इंजन. आडवं, एकाच सिलिंडरचं, दोन्ही अंगांना माझ्या तेव्हाच्या खांद्याइतकी उंच लोखंडी चाकं, आणि वर पाण्याची उघडी टाकी. विलायतेत घडलं, गोव्यात कोणाच्या तरी कारखान्यात राबलं, आणि म्हातारं झाल्यावर बाबांकडे आलं. बाबा त्याला ‘इंजान’ म्हणायचे, पण नाव घेताना आवाज असा उतरायचा की घरात आजारी माणूस निजलंय असं वाटावं. टाकीतलं पाणी उकळायला लागलं की बाबा फडक्यात अंडी बांधून त्यात सोडायचे. एक तुला, एक मला. त्या अंड्यांना डिझेलचा वास असायचा आणि आपल्याला वाटायचं की अंड्याला असाच वास असतो. लग्नानंतर सासरी पहिल्यांदा उकडलेलं अंडं खाल्लं तेव्हा ते मला बेचव लागलं होतं. हे मी तुला सांगितलं तेव्हा तू केवढा हसला होतास.

पुढे शेजारच्या वाडीत विजेची गिरण आली. आपल्याकडे भात कमी झालं. बाबा घाबरले नव्हते. या पावसात बंद ठेवू, दिवाळीला रिंगा बदलू, परत लावू, असं त्यांचं चाललं होतं. आषाढ संपता संपता त्यांना ताप भरला. त्यांनी अंथरुणातून तुला सांगितलं, की सिलिंडरात तेल ओत, चाक हाताने फिरवून ते सगळीकडे लागू दे, आणि वर गोणपाट बांधून ठेव. पावसात आतून गंज चढू नये म्हणून. तू ते केलंस, हे मला फार पुढे कळलं. आणि श्रावणात मुंबईला नोकरीवर गेलास.

दिवाळीला बाबांनी गोणपाट सोडलं आणि चाकाला हात घातला. चाक हललं नाही. आधी एकटे झोंबले, मग माणसं बोलावली, मग रॉकेल ओतून ठेवलं. काही नाही. शेवटी मालवणहून मेस्त्री आला. त्याने नोझल काढलं, भोकात तार घातली, बाहेर काढली, नाकाला लावली आणि हसायलाच लागला. होडीला आणि घराच्या वाशांना वाळवी लागू नये म्हणून लावतात ते काजूच्या टरफलांचं काळं तेल. ते आत जाऊन वाळलं होतं आणि पिस्टन कायमचा चिकटला होता. “ह्या कोणी ओतलां?” मेस्त्रीने विचारलं. बाबांनी एवढासाही वेळ घेतला नाही. “मीच ओतलंय,” म्हणाले. मी तिथेच उभी होते. मीही ते खरं मानलं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. आपल्या गावाला नाव ठेवायला कधी वेळ लागलाय? बाबा महादेव गिरणवाले होते ते काजूतेल झाले. तोंडावर कोणी म्हणायचं नाही असंही नाही. बाजारात, देवळात, एसटीच्या थांब्यावर, काजूतेल. आई काजूतेलाची बायल, मी काजूतेलाचां चेडू. कचेरीत आपल्या गावचा कोणी दाखला काढायला आला की तिथेही मला त्याच नावाने ओळख द्यायचा आणि बाकीचे विचारायचे, म्हणजे काय हो? गिरण गेली ती गेली. बाबा डोक्यावर भाताची पाटी घेऊन त्या विजेच्या गिरणीत जायचे आणि रांगेत उभे राहायचे. रांगेतही हाक तीच.

तो विनोद पहिल्यांदा रंगवून सांगितलास तू. माझ्या लग्नाच्या पंगतीत. मुंबईहून नवी पँट घालून आला होतास आणि व्याह्यांच्या माणसांना हसवत होतास. आमच्या बापाशीक वाटलां, इंजान म्हणजे होडी! पंगत लोळली. बाबा भात वाढत होते. ते पण हसले आणि पुढच्या पानाकडे सरकले. त्यानंतर प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात तू तो सांगितलास. बाबा गेले त्या दिवशी स्मशानातून परत येतानासुद्धा कोणीतरी तुला तो सांगायला लावला. सुलभा तेवढी एक, तू सुरू झालास की तोंडाला पदर लावून आत निघून जायची. मला वाटायचं तिला हसू आवरत नाही.

मग निवृत्त होऊन तू गावी आलास. माझे यजमान गेल्यावर मीही माहेरच्या वाडीत राहायला आले होते. एक दिवस कोयता घेऊन माझ्या दारात उभा राहिलास आणि म्हणालास, ताय, चल, खोपी साफ करूया. खोपीत घाणेरीचं रान माजलं होतं. छप्पर बसलं होतं. इंजनावर खाऱ्या वाऱ्याने गंजाचे पापुद्रे आले होते, हात लावला की हातात यायचे. मी म्हटलं भंगारवाल्याला बोलाव. तू माझ्याशी दोन दिवस बोलला नाहीस.

खरं सांगते, त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले बरे दिवस होते. आपण भांडलो किती! तुला सगळं लालभडक रंगवायचं होतं, मला बाबांचा हिरवा रंग जिथे जिथे उरलाय तिथे तसाच ठेवायचा होता. तू नटाला हातोडा घालायचास, मी ओरडायचे की आधी रॉकेल पिऊ दे त्याला. बोटींच्या इंजिनांची कामं करणारा पास्कू मेस्त्री मधूनमधून यायचा, आपल्या दोघांचं ऐकायचा आणि म्हणायचा, तुमचां ठरलां काय माका हाक मारा. दुपारी सुलभा खोपीत पेज आणून द्यायची. आपण चाकाला टेकून जेवायचो. पितळेची पाटी चिंचेने घासून मी चकचकीत केली आणि तू त्यात बघून केस नीट केलेस. होते कुठे केस?

आणि मग सिलिंडरचं हेड उघडलं.

आत काळं होतं. काचेसारखं कडक आणि गुळगुळीत. पास्कूने नखाने टोचून बघितलं आणि कपाळाला हात लावला. आपल्याला माहीतच होतं की आत हे असणार, पण मी ते पहिल्यांदा डोळ्यांनी बघत होते. मी वाकून वास घेतला. तेवढी वर्षं जाऊनही थोडा वास होता. आणि त्या वासाबरोबर मला एकदम आठवली ती तू मुंबईला जाण्याआधीची नागपंचमी.

त्या नागपंचमीला मी तुला पातोळ्या भरवल्या होत्या. तुझे दोन्ही तळवे सोलवटले होते, कडा काळ्या पडल्या होत्या. वल्हं मारून झालं म्हणालास. बी फोडताना काजूचा चीक लागला की हात असेच उतरतात, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. पण ते उन्हाळ्यात. श्रावणात काजू कुठला? तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. खोपीत वाकून वास घेतला आणि आलं. मी सरळ झाले आणि तुझ्या हातांकडे बघितलं. म्हातारे हात, कसलीही खूण नसलेले. तरी तू ते मागे घेतलेस.

पास्कू गेल्यावर तू बोललास. “व्हय गो ताय. मीच ओतलंय.”

मग तूच सांगत गेलास. तेलाचे डबे दोन होते. तू चुकून दुसरा उचलला नव्हतास, मुद्दाम उचलला होतास. जे तेल लावलं की खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं होडीचं लाकूड कुजत नाही, ते लोखंडाला का नाही लागू पडणार? बाबांच्या पातळ तेलापेक्षा हे दाट आहे, जास्त टिकेल. बाबांचं इंजन चांगलं राहावं म्हणून तू घरातलं सगळ्यात चांगलं तेल ओतलंस, आणि सगळीकडे लागावं म्हणून हातांनी चोपडलंस. वसंता, त्या चुकीबद्दल माझ्या मनात एवढासाही राग नाही. आपल्याकडच्या कोणाही पोराने हेच केलं असतं.

बाबांना तू कधी सांगितलंस का, हे मी विचारलं. ठाऊक होतं. ते एकदा मुंबईला तुझ्या खोलीवर आले होते तेव्हा तू त्यांच्या पाया पडून रडला होतास. ते म्हणाले होते, खंय बोला नको. तुका अजून नोकरीत टिकाचां आसा, लगीन व्हावचां आसा. माझां आता काय व्हावचां रवलां हा?

मग तो विनोद कशाला, वसंता? गप्प राहा असं बाबांनी सांगितलं होतं. पंगतीत बसून त्यांच्यावर माणसं हसव, असं नव्हतं सांगितलं. हे मी विचारलं तेव्हा तू चहासाठी पेटवलेल्या करवंट्यांचा जाळ सारखा केलास. मग म्हणालास, मी सांगत रवलंय म्हणान कोणी विचारूक नाय. म्हणजे आपल्यावर बोट येऊ नये म्हणून तू आयुष्यभर बापाकडे बोट दाखवत राहिलास. आणि माणसं खूश, काय गमत्या माणूस हा वसंता!

मी त्याच दिवशी उठून जायला हवं होतं. गेले नाही. कारण तू म्हणालास की इंजन चालू होईल त्या दिवशी सगळ्या गावासमोर सांगेन. दसऱ्याला. मी विश्वास ठेवला. त्या विश्वासावर मी ते काळं खरवडलं. सिलिंडरला बाहेरून करवंट्यांची मंद धग द्यायची आणि आतून बांबूच्या चिपांनी खरवडायचं, लोखंडाने खरवडलं तर आत ओरखडे पडतात म्हणून. बोटाएवढं मोकळं व्हायला कितीतरी वेळ जायचा. धुराने डोळे चुरचुरायचे, हात खाजायचे. तुझं पाप मी माझ्या हातांनी खरवडलंय, वसंता, आणि खरवडताना गाणी म्हटली आहेत. ज्या दिवशी लाकडाचा ठोकळा लावून पास्कूने घण मारला आणि पिस्टन जरासा मागे सरकला, त्या दिवशी आपण दोघं लहान मुलांसारखे ओरडलो. नव्या रिंगा कोल्हापूरहून करून आणल्या. पास्कूने नोझल बसवलं. इंजन तयार झालं.

दसऱ्याला यंत्राची पूजा. अख्खी वाडी खोपीसमोर. आपल्याकडे कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. एकाने देवाला हाक मारून सगळं सांगायचं, चुकलंमाकलं कबूल करायचं, आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. गाऱ्हाणं घालायचा मान गावकरदादांचा, पण त्यांचा घसा बसला होता. ते म्हणाले, घरच्या माणसानच घालूं दे. मला वाटलं, देवानेच जागा करून दिली. कबुली द्यायला गाऱ्हाण्याहून चांगली जागा कुठली? तू नारळ हातात घेतलास. मी तेलाचं फडकं धरून चाकाजवळ उभी होते. तू माझ्याकडे बघितलंस. मी मान हलवली.

तू सुरुवात छान केलीस. गावच्या देवाला हाक मारलीस, पूर्वजांना मारलीस. व्हय म्हाराजा. लेकरांनी मेहनत केली ती मान्य करून घे म्हणालास. व्हय म्हाराजा. आणि मग तू म्हणालास, “आमच्या बापाशीकडसून या इंजनाची जी काय हयगय झाली, नको ता त्येच्यात पडलां, ती चूक पोटात घाल रे म्हाराजा.”

मागून कोणीतरी फिसकन हसलं. काजूतेल, म्हणालं. आणि मग सगळे एका आवाजात: व्हय म्हाराजा.

मी म्हटलं नाही. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं, पण मी म्हटलं नाही. विनोद तरी माणसांसमोर होता. हे तू देवासमोर घातलंस. बाबांच्या नावाची चूक बाबांच्याच इंजनासमोर देवाच्या कानात घातलीस, आणि माझ्याकडून त्याला होकार मागत होतास. पास्कूने हँडल मारलं. इंजन पांढरा धूर ओकलं, एकदा ठोका दिला, थांबलं, परत दिला आणि चालू झालं. माणसं टाळ्या वाजवत होती. तू रडत होतास. इतक्या वर्षांनी तो आवाज खाडीपलीकडे गेला, आणि मला तो ऐकवेना. मी फडकं तिथेच टाकलं आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझ्या मागच्या दारी आले. तू नारळ सोलत होतास. मी किती बोलले ते सगळं लिहीत नाही, सुलभा आत होती आणि तिने ऐकलंय. तू एकच वाक्य बोललास. “मेलेल्या माणसाक काय फरक पडता गो ताय? माका हंय रवाचां आसा.” आणि नारळ अर्धा टाकून उठून गेलास. तेही तुझं नेहमीप्रमाणे.

भाऊबीजेला आलास. मी पाट मांडला, ओवाळलं, फराळाचं ताट पुढे ठेवलं. बोलले नाही. तू खाली मान घालून खाल्लंस आणि जाताना म्हणालास, ताय, चकली बरी झाली हा. तुझं माझ्याशी झालेलं ते शेवटचं बोलणं. सांगायचं होतं ते राहिलं, आणि चकली बरी झाली. मला वाटतं तू आणखी काहीतरी म्हणायला उंबऱ्यात थांबला होतास. असं मला वाटतं; तू चप्पल शोधत असशील. आता ते कोणाला विचारू? थोड्याच दिवसांत सुलभाचा निरोप आला. तू खोपीत बसून पितळेची पाटी पुसत होतास म्हणे आणि तसाच कलंडलास. मी धावत आले. तुझ्या मुठीत फडकं होतं. मी दसऱ्याला टाकलं होतं तेच. ते सोडवताना मी इतकी रडले की बायांनी मला बाजूला नेलं. राग होता म्हणून माया नव्हती असं नाही रे. दोन्ही एकाच वेळी असतं आणि ते फार जड जातं.

तेराव्याला माणसं जेवली आणि कोणीतरी म्हणालं, वसंताच्या नावाने एकदा इंजन लावूया. सगळ्यांना पटलं. खोपीसमोर परत तशीच गर्दी. गावकरदादांचा घसा आता बरा होता. त्यांनी नारळ घेतला आणि रीत म्हणून विचारलं, घरचां कोण बोलतलां काय? तुझा मुलगा दुबईहून चार दिवसांसाठी आलेला, तो बिचारा इकडे तिकडे बघायला लागला.

मी पुढे गेले आणि दादांच्या हातातून नारळ घेतला. बायका आपल्याकडे गाऱ्हाणं घालत नाहीत. दादांनी माझ्याकडे बघितलं आणि बाजूला सरकले.

मला ते सगळं लांबलचक येत नाही. मी एवढंच म्हटलं:

“बा देवा म्हाराजा, या इंजनात काजूचां तेल माझ्या बापाशीन ओतूक नाय. माझ्या भावान ओतल्यान. इंजान बरां रवूचां म्हणान ओतल्यान. बापाशीन ता आपल्या आंगार घेतल्यान आणि भावान ता थंयच ठेवल्यान. बापाशीक या नावातसून सोडव, आणि भावाची चूक पोटात घाल रे म्हाराजा.”

कोणी ‘व्हय’ म्हटलं नाही. खाडीवरचा वारा तेवढा माडांत वाजत होता. माणसं जमिनीकडे बघत होती, पास्कू हँडल हातात धरून उभा होता. मला वाटलं, झालं. गाऱ्हाण्याला होकार नसेल तर ते देवापर्यंत पोचत नाही असं आपण मानतो. मी आणि माझा नारळ, दोघंच तिथे उभे राहणार.

मग मागून सुलभाचा आवाज आला. “व्हय म्हाराजा.”

तिच्यामागून दादा म्हणाले. मग पास्कू. मग सगळे, काहीजण तोंडातल्या तोंडात. पास्कूने हँडल मारलं आणि इंजन लागलं. मी पूर्ण वेळ तिथे उभी राहून ऐकलं.

संध्याकाळी भांडी लावताना मी सुलभाला विचारलं, तुला कधीपासून ठाऊक होतं? तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं. “लगीन झालां त्याच वर्सा ह्येंनी माका सांगलेल्यानी, वन्सं. आणि माका शपथ घातल्यानी.” ती पदर तोंडाला लावून आत का जायची, ते मला इतक्या वर्षांनी कळलं. म्हणजे तुला बोलता येत होतं, वसंता. अंधारात, बायकोजवळ, शपथ घालून. उजेडात तेवढं जमलं नाही. आणि ती बाई आयुष्यभर ते गिळून तुला चहा देत राहिली. तुला माफ करायला मी तयार होईन कदाचित, पण तिच्या वाटचं मी कसं करू? ते तिचं तिने बघायचं.

गावात आता दोन तट आहेत. काहीजण म्हणतात बरं केलं. काहीजण म्हणतात, भावाला जाऊन चार दिवस झाले नाहीत आणि बहिणीने त्याची अब्रू काढली, आता मेलेल्या माणसांना काय फरक पडतो? तुझंच वाक्य. त्यांना कोणी शिकवलं कोण जाणे. मी उत्तर देत नाही. उत्तर तुझ्याकडे असेल. पडतो का फरक, तेवढं कळव.

काल मी मालवणच्या बाजारात मासळी घ्यायला गेले होते. आपल्या गावची मासळीवाली, जी मला कचेरीत लागल्यापासून काजूतेलाचां चेडू म्हणून हाक मारते, तिने मला लांबून बघितलं. कोळंबीच्या टोपलीवरचं फडकं उचललं आणि हात वर करून ओरडली, “अगो, काजूतेलाचे भयणी! सुंगटां घेतंस?”

चेडू नाही, भयणी म्हणाली. तुझी बहीण. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या नावाला ओ दिली.